परक्या अक्षरातली हस्तलिखितं : अठराव्या शतकातली इंग्रजी कादंबरी आणि तिचा उपहास



१७३७ सालच्या जून महिन्यात इंग्लंडमध्ये एक कायदा झाला. यापुढे नवं नाटक रंगभूमीवर आणायचं तर त्याची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारच्या अधिकाऱ्याकडे पाठवायची, त्याची मंजुरी मिळाली तरच पडदा वर जाणार. शिवाय ज्यांच्याजवळ राजाची सनद आहे त्यांनीच नाटकं करायची. म्हणजे लंडनपुरतं बोलायचं तर ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन ही दोनच नाट्यगृहं उरली. नाटकांची ही पूर्वतपासणी १९६८ पर्यंत चालू राहिली. दोनशे एकतीस वर्षं.

तो कायदा झाला तेव्हा हेन्री फील्डिंग तीस वर्षांचा होता. वीसहून अधिक नाटकं त्याच्या नावावर होती आणि हेमार्केटमधलं छोटं नाट्यगृह तो चालवत होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याचं ‘द हिस्टॉरिकल रजिस्टर फॉर द इयर १७३६’ हे नाटक तिथे लागलं होतं. त्यातला एक प्रवेश सांगतो. क्विडम नावाचा माणूस चार देशभक्तांना बोलावून त्यांच्या हातावर सोनं ठेवतो. ते खूश होतात. मग तो सारंगी काढून वाजवू लागतो आणि त्यांना नाचायला लावतो. नाचता नाचता त्यांच्या फाटक्या खिशांमधून सोनं खाली पडतं आणि क्विडम ते गोळा करून पुन्हा आपल्या खिशात टाकतो. क्विडम म्हणजे पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वॉलपोल १७२१ पासून सत्तेवर होता, आणि संसदेतली मतं पदं आणि पैसे वाटून मिळवता येतात हे त्याचं राज्यशास्त्र होतं. पुढे ‘द गोल्डन रम्प’ नावाच्या एका अश्लील नाटकाची संहिता त्याच्या हाती पडली, तिचे उतारे त्याने संसदेला दाखवले आणि कायदा पुढे रेटला. फील्डिंगचं नाट्यगृह बंद पडलं. पोटासाठी तो वकिलीकडे वळला आणि १७४० मध्ये त्याला सनद मिळाली. त्यानंतर, ज्या माध्यमावर लॉर्ड चेंबरलेनचा अधिकार चालत नव्हता त्या माध्यमाकडे तो वळला. ते माध्यम म्हणजे कादंबरी.

मला आज जे सांगायचं आहे ते या घटनेपाशी सुरू होतं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी उपहासकारांना नावं झाकावी लागली, जागा बदलाव्या लागल्या, हस्ताक्षरंसुद्धा लपवावी लागली. त्या लपवाछपवीतून त्यांची नजर एका मंत्र्यावरून उचलली गेली आणि मंत्र्याला मोठा म्हणणाऱ्या समाजावर स्थिरावली. म्हणूनच वॉलपोल कोण होता हे माहीत नसलेला वाचकही आज ती पुस्तकं वाचताना अस्वस्थ होतो. पण याचं श्रेय मी कायद्याला देणार नाही. त्याच कायद्यापायी किती नाटकं लिहिलीच गेली नाहीत, याचा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही.

महाराष्ट्राला हा प्रकार नुसता ऐकून माहीत आहे असं नाही, तो आपण सोसला आहे. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा हिंदुस्थानात आणला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं, कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन प्रेक्षकांना स्पष्ट दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. पुण्यात ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे वक्रोक्तीच्या आडून लिहीत होते. १९०८ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. वक्रोक्ती वाचायला आपले पणजोबा ज्या शाळेत शिकले, त्याच प्रकारच्या शाळेत लंडन आणि डब्लिनचा वाचक दोनशे वर्षं आधी शिकत होता.

आता पुस्तकांना मोकळीक होती म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू. १६९५ मध्ये इंग्लंडमधला छपाईपूर्व परवान्याचा कायदा मुदत संपून गेला आणि त्याचं नूतनीकरण झालं नाही. हस्तलिखित आधी कुणाला दाखवायचं बंधन उरलं नाही. पण छापल्यावर राजद्रोही बदनामीचा खटला भरता येत असे. डॅनियल डिफोने १७०२ मध्ये ‘द शॉर्टेस्ट वे विथ द डिसेंटर्स’ ही पुस्तिका काढली. प्रस्थापित चर्चबाहेरच्या ख्रिस्ती लोकांना चिरडून टाका असं म्हणणाऱ्या कट्टर माणसाचा आवाज त्याने इतका हुबेहूब वठवला, की काही कट्टरांनी ती खरी समजून उचलून धरली. लबाडी उघडी पडली तेव्हा सरकारने डिफोला दंड केला, तुरुंगात टाकलं आणि १७०३ च्या जुलैमध्ये तीन दिवस भर चौकात लाकडी खोड्यात मान अडकवून उभं केलं. यापुढे ज्याला कुणाला उपहास लिहायचा होता, त्याच्यासमोर हे उदाहरण होतं.

मात्र लेखकापेक्षा जास्त मार खाल्ला तो मुद्रकांनी. हे फार थोड्या ठिकाणी ठळकपणे सांगितलं जातं, म्हणून मी इथे थोडा थांबतो. जोनाथन स्विफ्ट डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा डीन होता. १७२० मध्ये त्याने आयर्लंडच्या लोकांना एक आवाहन केलं: आपल्या देशात तयार झालेलं कापडच वापरा, इंग्लंडहून आलेलं नको. स्वदेशीची ही हाक त्याने निनावी दिली. एडवर्ड वॉटर्स या मुद्रकावर खटला झाला. पंचांनी त्याला निर्दोष ठरवलं, पण सरन्यायाधीश व्हिटशेडने त्यांना पुन्हा विचार करायला परत पाठवलं. असं एकदा नाही, नऊ वेळा केलं. पुढे १७२२ मध्ये विल्यम वुड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी सुमारे एक लाख पौंडांची तांब्याची नाणी पाडण्याची सनद मिळाली. ती राजाच्या प्रेयसीच्या मध्यस्थीने मिळाली होती आणि आयर्लंडच्या संसदेला कुणी विचारलंही नव्हतं. स्विफ्टने एका साध्या कापडविक्याचं सोंग घेऊन १७२४ मध्ये पत्रं लिहिली. ‘ड्रेपियर’ची ही पत्रं घराघरांत गेली. लेखकाचं नाव सांगणाऱ्याला सरकारने तीनशे पौंडांचं इनाम लावलं. सगळ्या डब्लिनला नाव माहीत होतं, पण कुणी इनाम घ्यायला गेलं नाही. १७२५ मध्ये वुडची सनद मागे घ्यावी लागली. पत्रं छापणारा जॉन हार्डिंग मात्र तुरुंगात गेला होता, आणि त्याच वर्षी तो वारला. त्याची विधवा सेरा हार्डिंग हिने छापखाना चालू ठेवला. १७२९ मध्ये स्विफ्टची ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ ही पुस्तिका, गरिबांची मुलं श्रीमंतांच्या ताटात वाढावीत असं हिशेबी गांभीर्याने सुचवणारी, जगातली बहुधा सर्वांत भयंकर उपरोधिका, छापली ती या बाईने. नवऱ्याचं काय झालं हे पाहिल्यानंतर छापली. स्विफ्टवर लिहिलेल्या ग्रंथांत तिला सहसा ओळ-दोन ओळी मिळतात. मला ते अन्यायाचं वाटतं.

आता ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’कडे येतो. १७२६ च्या उन्हाळ्यात स्विफ्ट लंडनमध्ये होता. हस्तलिखिताची नक्कल दुसऱ्याच्या अक्षरात करून घेतलेली होती. बेंजामिन मॉट या प्रकाशकाशी पत्रव्यवहार झाला तो रिचर्ड सिम्सन या खोट्या नावाने. मॉटने कवी पोपला सांगितलं त्याप्रमाणे, हस्तलिखित रात्रीच्या अंधारात भाड्याच्या गाडीतून त्याच्या दारात टाकलं गेलं, कुणी टाकलं ते त्याला कळलं नाही. ऑक्टोबर अखेर पुस्तक बाहेर आलं तेव्हा स्विफ्ट समुद्रापार आयर्लंडमध्ये परतलेला होता.

आपल्याकडे गलिव्हर बहुतेकांना लहानपणी, चित्रांच्या पुस्तकात भेटतो. जमिनीला दोऱ्यांनी बांधलेला प्रचंड माणूस आणि त्याच्या अंगावर चढलेली बोटभर माणसं, एवढंच चित्र डोक्यात राहतं. पण ती बोटभर माणसं काय करतात ते पाहा. लिलिपुटमध्ये मोठं पद रिकामं झालं की उमेदवार ताणलेल्या दोरावर नाचून दाखवतात. जो सर्वांत उंच उडी मारून न पडता उतरेल त्याला पद मिळतं. खजिनदार फ्लिमनॅप इतरांपेक्षा निदान इंचभर उंच उडतो. तोही एकदा पडला होता, पण राजाची एक उशी योगायोगाने खाली होती म्हणून वाचला. फ्लिमनॅप म्हणजे वॉलपोल. उशी कोण, याबद्दल तेव्हाच्या वाचकांना शंका नव्हती. वुडला सनद मिळवून देणारी राजाची प्रेयसी तीच. दुसऱ्या एका खेळात राजा हातात काठी आडवी धरतो, दरबारी कधी तिच्यावरून उडी मारतात, कधी खालून सरपटत जातात, आणि बक्षीस म्हणून त्यांना रंगीत रेशमी धागे मिळतात. निळा, तांबडा, हिरवा. हे ब्रिटनमधल्या तीन राजसन्मानांचे रंग होते. त्यातला तांबड्या फितीचा सन्मान वॉलपोलच्या पुढाकाराने १७२५ मध्येच पुन्हा सुरू झाला होता आणि त्याने स्वतःही तो घेतला होता. मॉट इतका घाबरला की पहिल्या आवृत्तीत त्याने धाग्यांचे रंगच बदलून टाकले. मूळ रंग आले ते १७३५ च्या डब्लिन आवृत्तीत. तीन धाग्यांचे रंग छापायला प्रकाशकाचा हात थरथरतो, यावरून त्या काळातला वाचक किती बारकाईने वाचत होता ते कळतं.

तरीही माझ्या मते पहिल्या सफरीतली सर्वांत धारदार जागा यापुढची आहे. गलिव्हरवर देशद्रोहाचे आरोप ठेवले जातात. त्याला ठार मारायचं की नुसते डोळे फोडायचे, यावर दरबारात चर्चा होते आणि डोळे फोडणं हा दयेचा मार्ग ठरतो. स्विफ्ट सांगतो, की त्या राज्यात एखादी क्रूर शिक्षा ठरली की राजा आपल्या कोमल अंतःकरणाविषयी भाषण करत असे आणि ते भाषण देशभर छापून वाटलं जात असे. प्रजेला या भाषणाइतकी धास्ती दुसऱ्या कशाचीच वाटत नसे. दयेचा गजर जितका मोठा तितकी शिक्षा अमानुष, हे लोकांना अनुभवाने कळलं होतं. ही जागा वाचायला १७१५ साली राजाविरुद्ध झालेल्या बंडानंतरच्या फाशींची माहिती उपयोगी पडते, पण ती नसली तरी काही अडत नाही.

दुसऱ्या सफरीत माप उलटं होतं. इथे मला स्विफ्टची खरी युक्ती दिसते. राक्षसी आकाराच्या लोकांच्या राजापुढे गलिव्हर आपल्या देशाची स्तुती करतो. संसद, न्यायालयं, सैन्य, सगळ्याची. राजा साधे प्रश्न विचारतो. निवडून येण्यासाठी माणूस इतका पैसा खर्च करतो, तो वसूल कुठून करतो? न्यायासाठी किती दिवस आणि किती पैसे लागतात? शांततेच्या काळात भाडोत्री सैन्य कशाला? गलिव्हरला उत्तरं देता येत नाहीत, पण आपलं काही चुकतं आहे हेही त्याला कळत नाही. उलट राजाला खूश करण्यासाठी तो तोफेच्या दारूची कृती देऊ करतो आणि एका माऱ्यात शहर कसं उद्ध्वस्त होतं याचं कौतुकाने वर्णन करतो. राजा हादरतो. गलिव्हर मनात म्हणतो, केवढी ही संकुचित बुद्धी! सांगणारा माणूस देशप्रेमी आहे, प्रामाणिक आहे, आणि त्याच्या तोंडून बाहेर पडणारं प्रत्येक वाक्य त्याच्या देशाविरुद्ध साक्ष देतं. लिलिपुटमध्ये आपण फ्लिमनॅपला हसत होतो. इथे आपण गलिव्हरला हसतो, आणि गलिव्हर तर आपल्यासारखाच साधा, शिकलेला, मध्यमवर्गीय शल्यवैद्य आहे.

या दुसऱ्या सफरीला गलिव्हर ज्या जहाजातून निघतो ते १७०२ मध्ये सुरतेला निघालेलं असतं. तिसऱ्या सफरीत तो १७०७ च्या एप्रिलमध्ये मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जला उतरतो. काही आठवड्यांपूर्वीच अहमदनगरजवळ औरंगजेब मेला होता. स्विफ्टच्या मनात हा योग असण्याचं काही कारण नाही. पण ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं कुठे आणि कशासाठी जातात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या प्रकरणात गलिव्हर सांगतो, की मी शोधलेले देश राजाच्या नावाने ताब्यात का घेतले नाहीत. वादळाने भरकटलेली चाच्यांची टोळी एका किनाऱ्याला लागते, तिथले लोक त्यांना प्रेमाने खाऊपिऊ घालतात. चाचे त्या देशाला नवं नाव देतात, एक कुजकी फळी उभी करून तो राजाचा असल्याचं जाहीर करतात, काही डझन माणसं मारतात, एक-दोन नमुन्यादाखल उचलून नेतात, घरी जाऊन माफी मिळवतात, आणि वसाहत सुरू होते. प्लासीच्या लढाईच्या एकतीस वर्षं आधी एका इंग्रज वंशाच्या धर्मोपदेशकाने हे लिहिलं. मुलांसाठी छाटलेल्या आवृत्त्यांत हे प्रकरण नसतं. ज्या देशाने ती फळी प्रत्यक्ष पाहिली, त्या देशातल्या मोठ्या माणसांनी तरी ते वाचायलाच हवं.

स्विफ्टच्या कल्पनेला एक वेगळाच वंशज लाभला. १७३८ च्या एप्रिलमध्ये कॉमन्स सभागृहाने आपल्या चर्चांचे वृत्तांत छापायला मनाई केली. ‘जेंटलमन्स मॅगझीन’ने त्याच उन्हाळ्यात ‘लिलिपुटच्या सिनेटमधील वादविवाद’ असं सदर सुरू केलं. सभासदांची नावं थोडी उलटसुलट केलेली, सभागृहांना लिलिपुटी नावं. पुढे काही वर्षं हे वृत्तांत लिहिण्याचं काम केलं ते तरुण, गरीब सॅम्युएल जॉन्सनने, तेही प्रत्यक्ष चर्चा न ऐकता, मिळालेल्या टिपणांवरून. इंग्लंडच्या नागरिकाला आपले प्रतिनिधी काय बोलतात हे कळायचं तर त्याला लिलिपुटची वाट धरावी लागत होती.

फील्डिंगकडे परत येऊ. लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड नावाचा एक माणूस होऊन गेला होता. चोरीचा माल मालकाला मिळवून देतो, चोर पकडून देतो, अशी त्याची ख्याती. प्रत्यक्षात चोर त्याच्याच टोळीतले. जो ऐकेनासा होई त्याला तो न्यायालयात नेऊन फासावर पाठवी आणि त्याचं सरकारी इनामही घेई. १७२५ च्या मे महिन्यात तोच टायबर्नला फासावर गेला. तेव्हापासून विरोधी पत्रं वाइल्ड आणि वॉलपोल यांची जोडी लावत आली होती. जॉन गेच्या ‘द बेगर्स ऑपेरा’ने १७२८ मध्ये पहिल्याच हंगामात बासष्ट प्रयोग केले ते त्याच जोरावर, आणि त्याच्या ‘पॉली’ या पुढच्या भागाचा प्रयोग म्हणूनच सरकारने होऊ दिला नाही. फील्डिंगची ‘जोनाथन वाइल्ड’ ही कादंबरी आली १७४३ मध्ये. वॉलपोल आदल्या वर्षीच पायउतार झाला होता. मग हे पुस्तक शिळं का झालं नाही?

कारण फील्डिंगने वाइल्डवर टीका केलीच नाही. त्याने त्याची थोरवी गायली. पुस्तकभर निवेदक एका मोठ्या पुरुषाचं चरित्र आदराने सांगतो, अलेक्झांडर आणि सीझर यांच्या पंगतीला त्याला बसवतो. मोठेपण म्हणजे माणसांवर संकटं आणण्याची क्षमता, चांगुलपण म्हणजे ती दूर करण्याची, अशी व्याख्या तो सुरुवातीलाच करतो आणि शेवटपर्यंत ढळत नाही. चांगुलपणाचा प्रतिनिधी हार्टफ्री नावाचा जवाहिऱ्या आहे. तो बायकोमुलांवर जीव लावतो, मित्रावर विश्वास ठेवतो. निवेदक त्याच्याकडे तुच्छतेने पाहतो. वॉलपोलला त्याचे भाट ‘ग्रेट मॅन’ म्हणत, तोच शब्द इथे पानापानावर येतो. आपण वाचत जातो आणि मध्येच लक्षात येतं, की अशी चरित्रं आपण खरोखरच्या सेनापतींची, राजांची, उद्योगपतींची वाचली आहेत, आणि आदराने वाचली आहेत. परांजप्यांची वक्रोक्ती ज्यांनी वाचली असेल त्यांना ही रीत ओळखीची वाटेल: स्तुती इतकी सरळ चालू ठेवायची की ऐकणाऱ्यालाच ती असह्य व्हावी.

न्यूगेट तुरुंगातला एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तिथे जॉन्सन नावाचा एक कैदी इतरांवर अंमल गाजवतो आणि त्यांच्याकडून वर्गणी उकळतो. वाइल्ड येतो, स्वातंत्र्याच्या घोषणा देतो, कैद्यांत दोन पक्ष पडतात, निवडणुकीसारखी धामधूम होते आणि वाइल्ड जिंकतो. जिंकल्यावर तो काय करतो? जॉन्सनचा रेशमी झगा आणि टोपी स्वतः घालतो. ती त्याच्या मापाची नसतात, तरी घालतो. कैद्यांचं देणं जिथल्या तिथे राहतं. वॉलपोल गेल्यावर त्याच्याविरुद्ध वीस वर्षं बोलणाऱ्यांनी सत्तेत येऊन काय केलं, ते फील्डिंगने नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं. एका माणसाला हटवून प्रश्न सुटत नाही हे त्याला नाटकवाल्याच्या काळात कळलं नव्हतं, कादंबरीकार झाल्यावर कळलं, असं मला वाटतं.

‘जोसेफ अँड्र्यूज’ ही त्याची १७४२ ची कादंबरी राजकारणापासून लांब आहे. मला मात्र तिच्यातला घोडागाडीचा प्रसंग त्या शतकातल्या सगळ्या राजकीय रूपकांपेक्षा मोठा वाटतो. जोसेफ हा घरगडी लंडनहून पायी गावाकडे निघालेला असतो. चोर त्याला लुटतात, मारतात, अंगावरचे कपडेही काढून घेतात आणि खड्ड्यात टाकून जातात. एक प्रवासी गाडी येते. गाडीवानाला उशीर झालेला असतो, त्याला थांबायचं नसतं. आतली बाई कुतूहलाने गाडी थांबवायला लावते, पण माणूस उघडा आहे म्हटल्यावर पुढे चला म्हणते. एक म्हातारा गृहस्थ आपल्यालाही चोर गाठतील म्हणून घाई करतो. वकील म्हणतो, की हा मेला तर त्याला शेवटचं पाहणारे म्हणून आपल्यावर बालंट येईल, तेव्हा घेतलेलाच बरा. अखेर घेतात ते दयेने नव्हे, कायद्याच्या भीतीने. आणि मग भाड्याचा प्रश्न निघतो. पांघरायला कुणी कोट देईना. रक्ताचे डाग पडतील ना! शेवटी घोडे हाकणारा पोरगा अंगातला एकुलता एक कोट काढून देतो. देताना त्याच्या तोंडून एक शिवी जाते आणि गाडीतली सभ्य मंडळी त्याला शिवीबद्दल दटावतात. फील्डिंग जाता जाता एवढंच सांगतो, की पुढे या पोराला कोंबड्या चोरल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

खाणावळीत पोचल्यावर शल्यवैद्य आधी घाईघाईने कपडे चढवतो, कारण गाडी उलटून कुणी बडा माणूस जखमी झाला असं त्याला वाटतं. पायी चालणारा गरीब आहे कळल्यावर तो कपडे उतरवून पुन्हा झोपतो. या सगळ्यांपैकी कुणीही दुष्ट नाही. प्रत्येकाजवळ आपापलं कारण आहे आणि प्रत्येक कारण समाजात चालणारं आहे. फील्डिंग पुढे लंडनच्या बो स्ट्रीटवर न्यायदंडाधिकारी झाला, चोर आणि कंगाल रोज त्याच्यासमोर उभे राहू लागले. त्या खुर्चीत बसण्याच्या सहा-सात वर्षं आधी कोंबडीचोराविषयी त्याने हे लिहून ठेवलं होतं.

टोबायस स्मॉलेटबद्दल थोडक्यात सांगतो. तो शल्यवैद्याचा सहायक म्हणून १७४१ च्या कार्टाजेनाच्या मोहिमेत होता, जिथे इंग्रज सैन्य लढाईपेक्षा तापाने आणि बेबंदशाहीने जास्त मेलं. १७४८ च्या ‘रॉडरिक रँडम’मध्ये जहाजावरच्या रुग्णखोलीचं वर्णन आहे, ते वाचताना नाकाला रुमाल लावावासा वाटतो. पुढे एका नौदल अधिकाऱ्यावर लिहिल्याबद्दल तो तीन महिने तुरुंगात होता. त्याचा राग खरा आहे, पण तो सगळीकडे सारखाच पसरतो, आणि त्यामुळे मला तो फील्डिंगइतका पटत नाही. शिवाय या दोघांच्या हसण्याला एक मर्यादा आहे. मोलकरणी चुकीचे शब्द वापरतात, म्हाताऱ्या अविवाहित बायका नवरा शोधतात, यावर ते सैल हसतात. ते हसू सत्तेच्या दिशेने जात नाही, खालच्या दिशेने जातं.

त्या हसण्याला उत्तर मिळालं ते एका तरुण बाईकडून. फॅनी बर्नीने ‘इव्हेलिना’ १७७८ मध्ये निनावी छापली. वडिलांच्या संगीताच्या इतिहासाची मुद्रणप्रत तीच लिहून काढत असे, त्यामुळे तिचं अक्षर मुद्रकांच्या ओळखीचं होतं. म्हणून तिने स्वतःचीच कादंबरी बदललेल्या अक्षरात, रात्री जागून उतरवली आणि भावाच्या हाती प्रकाशकाकडे पाठवली. स्विफ्टने हस्ताक्षर लपवलं ते मंत्र्याच्या भीतीने. बर्नीने लपवलं ते घराच्या आणि समाजाच्या भीतीने. बाईने कादंबरी लिहिणं हेच पुरेसं धाडस होतं. तिच्या कादंबरीत दोन बडे गृहस्थ कंटाळा घालवण्यासाठी पैज लावतात: ऐंशीच्या पुढच्या दोन गरीब म्हाताऱ्यांची धावण्याची शर्यत, शंभर पौंडांची. म्हाताऱ्या अडखळतात, पडतात, त्यांना पुन्हा उभं करून धावायला लावतात. घरातली मंडळी बघत असतात. इव्हेलिना एकीला सावरायला पुढे जाते तर तिला मागे ओढतात, शर्यतीत ढवळाढवळ चालणार नाही म्हणून. बर्नी इथे वाचकाला हसू देत नाही. पुरुष लेखकांनी ज्या म्हाताऱ्यांना हमखास हशा मिळवण्यासाठी वापरलं, त्यांनाच ती मैदानावर आणते आणि हसणाऱ्यांकडे बोट दाखवते.

शतकाच्या शेवटी भीती परत आली. फ्रान्समध्ये क्रांती झाली होती आणि लंडनमध्ये सुधारणा मागणाऱ्यांवर राजद्रोहाचे खटले चालू होते. विल्यम गॉडविनच्या ‘केलेब विल्यम्स’ला १७९४ मध्ये जोडायची प्रस्तावना पुस्तकविक्रेत्यांच्या भीतीपोटी काढून ठेवावी लागली, पुढच्या आवृत्तीत ती आली. आणि एलिझाबेथ इंचबाल्ड, जी नटी होती, यशस्वी नाटककार होती आणि कादंबरीकारही होती, तिने पुढे १८०७ मध्ये दोन्ही पेशांची तुलना करणारा लेख लिहिला: कादंबरीकार स्वतंत्र देशात राहतो, नाटककार जुलमी राजवटीत. दोन्ही प्रदेश तिच्या पायाखालचे होते, म्हणून या साक्षीला मी फार किंमत देतो.

तिची ‘नेचर अँड आर्ट’ ही कादंबरी १७९६ ची. फार जाड नाही आणि आज फार कुणी वाचतही नाही. विल्यम हा चर्चमधल्या बड्या अधिकाऱ्याचा मुलगा. तो ॲग्नेस प्रिमरोज या खेड्यातल्या मुलीला फसवतो, सोडून देतो, प्रतिष्ठेचं लग्न करतो आणि चढत चढत न्यायाधीश होतो. ॲग्नेस मूल पोसायला मोलमजुरी करते, मग लंडनला येते, पायरीपायरीने खाली जाते, शेवटी खोट्या नोटांच्या गुन्ह्यात पकडली जाते. तिचा खटला ज्याच्यासमोर चालतो तो न्यायाधीश विल्यमच असतो. ती त्याला ओळखते. तो तिला ओळखत नाही. तो कठोर नाही. साक्षीपुराव्यात तिच्या बाजूचं काही असेल तर सांग असं मायेने विचारतो, आणि त्याचा तो मायेचा स्वर ऐकून ती कोसळते. मग तो काळी टोपी घालतो आणि फाशीची शिक्षा सुनावतो.

इंचबाल्डने या न्यायाधीशाला लाच घेताना दाखवलेलं नाही, पुरावा दडपताना दाखवलेलं नाही, कायदा चुकीचा लावतानाही दाखवलेलं नाही. त्या दिवशी त्याच्या हातून कामात काहीच चुकलं नाही. ॲग्नेसचा गुन्हा कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला होता आणि त्याचा गुन्हा कोणत्याही पुस्तकात नव्हता. खटला ऐकायला न्यायालयात जमलेल्या लोकांपैकी कुणालाही त्या दिवशी काही वावगं घडल्यासारखं वाटलं नाही.